कानावरच्या वाट्या

मळणीयंत्र आमच्या घरी आलं तेव्हा म्हैसूर राज्याचं कर्नाटक होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. कमलनगरच्या आसपासच्या खेड्यांत तसलं यंत्र दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. पत्र्याचं लाल धूड, आत लोखंडी दात्यांचा ड्रम, आणि लांब पट्ट्यानं जोडलेलं डिझेल इंजिन. चालू झालं की ओढ्यापलीकडच्या शेतातली माणसंसुद्धा बोलणं थांबवून खुणा करायची. मला त्याचा अभिमान वाटायचा. आवाज जितका मोठा तितके आपण मोठे, असं काहीतरी डोक्यात होतं.

यंत्रावर ठेवायला माणूस पाहिजे होता. मी त्याला ठेवलं. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. त्याला न विचारता मी त्याच्याकडून पुष्कळ घेतलेलं आहे; नाव तरी त्याच्याकडे राहू द्यावं.

आम्ही एका वयाचे. सातवीपर्यंत एका शाळेत होतो. त्याचं घर ओढ्यापलीकडे, बौद्धांच्या वस्तीत. आम्ही लहान असताना त्याच्या वडिलांनी सगळ्या गल्लीबरोबर दीक्षा घेतली आणि मेलेली जनावरं ओढायचं काम सोडलं. माझे अप्पा ते शेवटपर्यंत विसरले नाहीत. त्यांच्यातलं कुणी चांगला सदरा घालून रस्त्यानं गेलं तरी अप्पा ओसरीवर बसून म्हणायचे, "माजलेत." मी तसं म्हणत नसे. मी शिकलेला होतो. मी त्याला हाक मारून जवळ बोलवायचो, हसून बोलायचो, आणि कामाला लावायचो.

तो उदगीरला एका कारखान्यात इंजिनाचं काम शिकून आला होता. खरं म्हणजे त्याचं सगळं शिक्षण कानात होतं. इंजिन चालू ठेवून तो लांब पेचकसाचं टोक त्याच्या अंगाला टेकवायचा, मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. मग सांगायचा, "अण्णा, आतलं बेरिंग रडायलंय. चार दिवस चालंल, पाचव्या दिवशी न्हाई." आणि पाचव्या दिवशी चालायचं नाही. दुसऱ्या गावचे लोक बैलगाड्या घेऊन, विहिरीवरची इंजिनं दाखवायला त्याला न्यायचे. आमचं यंत्र गावोगाव मळणीच्या राशी करायला जायचं ते त्याच्या भरवशावर.

मला तेव्हा शिकारीचा नाद होता. आजोबांची बारा बोरची दुनळी बंदूक घरात होती. हिवाळ्यात हरभऱ्याच्या कडेनं तितरं उतरायची. मी आणि बीदरचे दोन मित्र, सकाळी जीप घेऊन माळावर जायचो. शिकारीला बंदी आली आहे असं कानावर आलं होतं, पण आम्ही नीट चौकशी केली नाही.

एका सकाळी मित्रानं माझ्या अगदी कानाजवळून बार काढला. दोन दिवस माझ्या डाव्या कानात रातकिडा बसल्यासारखा आवाज येत राहिला. मी घाबरलो. बीदरला डॉक्टरकडे गेलो. म्हातारे, सावकाश बोलणारे डॉक्टर होते.

"मोठ्या आवाजानं कानाच्या आतली नस मरते," ते म्हणाले. "एकदा मेली की परत उठत नाही. त्याला औषध नाही."

"कापूस घातला तर?"

"सुक्या कापसानं काही होत नाही. मनाचं समाधान. आवाज सरळ आत जातो. कान घट्ट बंद करील असं काहीतरी बघा. आणि बंदुकीचं सोडा, बंदूक वर्षातून चार वेळा. तुमच्याकडे मळणीयंत्र आहे म्हणता. रोज आठ-आठ तास त्याच्या तोंडाशी जो उभा राहतो, त्याचं काय?"

"बघतो," मी म्हणालो.

हे शब्द मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. पुढे जे झालं ते मला माहीत नव्हतं म्हणून झालं नाही.

घरी येऊन मी माझ्या कानांसाठी जितका विचार केला, तितका शेतासाठी केला नसेल. गजराचं घड्याळ खिडकीत ठेवायचं, गजर लावायचा, कानात काहीतरी घालायचं आणि अंगणात मागे-मागे सरकत कुठं आवाज बंद होतो ते बघायचं. सुका कापूस घालून फाटकापर्यंत गेलो तरी गजर ऐकू येत होता. तेलात भिजवलेला थोडा बरा. इंजेक्शनच्या बाटलीचं रबरी बूच दुखायचं. मधाच्या पोळ्याचं मेण आणि कापूस एकत्र मळून केलेली गोळी चांगली निघाली. नीट दाबून बसवली तर अंगणाच्या मधल्या आंब्यापाशीच गजर गेला. पण उन्हात ती मऊ होऊन ओघळायची आणि मला ते ओंगळ वाटायचं.

शेवटी बीदरला चौबाऱ्याच्या, म्हणजे जुन्या मनोऱ्याच्या, मागच्या गल्लीत जुन्या सामानाच्या दुकानात मला पाहिजे ते मिळालं. डोक्यावरून जाणारी पोलादी पट्टी आणि दोन्ही टोकांना जाड गादीच्या दोन वाट्या. दुकानदार म्हणाला, "विमानवाले लगाते, साब." खरं-खोटं त्यालाच माहीत. मी घालून बघितलं. गल्लीतला सगळा गलबला एकदम दूर गेला. मला हसू आलं. कशासाठी पाहिजे ते मी सांगितलं होतं; दुकानदारानं दुसरी जोडी पुढे केली. "दो लेव. एक तुमारे वास्ते, एक मशीन पे खडे रहनेवाले के वास्ते."

मी दोन घेतल्या. बसमध्ये दोन्ही मांडीवर होत्या. एक त्याला द्यायची असंच तेव्हा मनात होतं, हे मी देवाशप्पथ सांगतो. पण त्यानं काही सिद्ध होत नाही.

घरी आईनं पिशवी उघडून बघितलं. "दोन कामून आनलास?"

मी कारण सांगितलं.

आई माझ्याकडे बघतच राहिली. "त्याच्या डोक्याला लागलेलं उद्या तू डोक्याला लावनार? एकदा दिलास की ते घरात परत घेता येनार न्हाई. इचार कर."

मी वाद घातला नाही. घालावासा वाटला नाही. आईच्या म्हणण्यानं माझी सोय झाली होती. माझ्या मनातलं कारण वेगळं होतं, आणि ते आईच्या कारणापेक्षा बरं नव्हतं. त्या वाट्या डोक्यावर घालून यंत्राशेजारी उभं राहिलं की माणूस साहेब दिसायचा. आम्ही दोघं एकसारखे दिसलो असतो. ते मला नको होतं.

म्हणून एक जोडी यंत्रासाठी झाली, एक शिकारीसाठी. दोन्ही माझ्याच. शिकारीची जोडी ओसरीत खुंटीला टांगली.

ज्वारीच्या राशी सुरू झाल्या. तो यंत्राच्या तोंडाशी उभा राहून कणसं आत सारायचा, डोक्याला नुसता टॉवेल. मी वीस पावलांवर बाभळीच्या सावलीत खुर्ची टाकून, कानावर वाट्या घालून बसायचो. पहिल्या दिवशी दुपारी इंजिन बंद झाल्यावर तो माझ्याकडे आला आणि वाट्यांकडे बघून म्हणाला, "अण्णा, ह्ये झ्याक हाय की. आवाज येत न्हाई का?"

"येतो थोडा."

"माझ्या कानात घरी गेल्यावर बी शिट्टी वाजायलीय. जेवताना, निजताना. मला बी असलं एक बगा की बीदरला."

दुसरी जोडी खुंटीला आहे हे त्याला माहीत होतं. आमच्या अंगणात तो रोज सकाळी डिझेल न्यायला यायचा. तरी त्यानं ती मागितली नाही. बीदरहून बघा म्हणाला.

"अरे, मिळत न्हाईत आता," मी म्हणालो. "कापूस घालत जा. पुष्कळ झालं."

आणि आईकडून कापसाचा एक मोठा गोळा आणून मी स्वतः त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो खिशात घातला आणि मान लववली. मेणाच्या गोळीचंही मी त्याला सांगितलं नाही. ते सांगायला मला तोंडाची वाफ तेवढी दवडावी लागली असती.

दुसऱ्या हंगामात तो एक दिवस डोक्याला काहीतरी बांधून आला. नारळाच्या दोन छोट्या करवंट्या घासून गुळगुळीत केलेल्या, कडेनं सायकलच्या ट्यूबचं रबर, आत गोधडीच्या चिंध्या दाबून शिवलेल्या, आणि वरून कापडी पट्टी हनुवटीखाली बांधलेली. आता आठवून बघतो तेव्हा कळतं की ती फार हुशारीनं केलेली वस्तू होती. रबर कानाभोवती घट्ट बसत होतं. माझ्या घड्याळाच्या परीक्षेत ती मेणाच्या गोळीपेक्षा कमी ठरली नसती.

खळ्यावर सात-आठ माणसं होती. मी मोठ्यानं म्हणालो, "काय रे, देवाला फोडलेल्या नारळाच्या करवंट्या डोक्याला कामून बांधलास? इमान उडवायला जायलास का?"

सगळे हसले. कुणीतरी दोन्ही हात पसरून खळ्याभोवती विमानासारखी एक चक्कर मारली. तोही हसला. तासाभरानं त्यानं ते काढून पिशवीत ठेवलं. परत कधी घातलं नाही. त्या दिवसापासून हंगाम संपेपर्यंत त्याला सगळे पायलट म्हणायचे. ते नाव मीच चालू केलं होतं.

तिसऱ्या हंगामापर्यंत त्याच्यात फरक दिसायला लागला. पुरुषांचं जाड आवाजातलं बोलणं त्याला कळायचं, बायकांचं आणि पोरांचं कळायचं नाही. तोंडाकडे बघितल्याशिवाय तो उत्तर देत नसे. त्याची बायको भाकरी घेऊन बांधावरून हाका मारायची आणि तो पाठ करून तसाच काम करत राहायचा. मग ती जवळ येऊन खांद्याला हात लावायची. त्याचा स्वतःचा आवाजही चढला होता. आई म्हणाली, "ह्यो आताशा माझ्यावर वरडायलाय."

एका सकाळी शिकारीहून येताना माझे मित्र खळ्यावर थांबले. तो बांधाला टेकून भाकरी खात होता, आमच्याकडे पाठ करून. एक मित्र म्हणाला, "बहिरा झालाय म्हणतोस, खरंच की कामचुकारपणा?"

मी म्हणालो, "बघू या की."

मी घरून गजराचं घड्याळ आणलं. हळूच जाऊन त्याच्या पाठीमागे, हातभर अंतरावर दगडावर ठेवलं. गजर वाजायला लागला. टणटण टणटण, खळ्यावरचे कावळे उडाले. तो भाकरीचा तुकडा मोडून चटणीला लावत होता, तो लावतच राहिला. गजर वाजून वाजून थांबला. आम्ही तोंडात रुमाल कोंबून हसत होतो.

मग दुसऱ्या मित्रानं बंदूक आकाशाकडे करून बार काढला. तो ताडकन उभा राहिला. भाकरी मातीत पडली. वळून त्यानं आम्हाला बघितलं, घड्याळ बघितलं, आणि त्याला सगळं कळलं.

"बघा, ऐकू येतंय की!" मित्र म्हणाला. "ढोंग आहे नुसतं."

"ढोंगच," मी म्हणालो.

बीदरच्या डॉक्टरांनी मला हेही सांगितलं होतं की आधी बारीक, किणकिणता आवाज जातो, जाड आवाज मागून जातो. ते मला आठवत होतं. त्याच वेळी आठवत होतं. तो खाली वाकला, भाकरीवरची माती झटकली आणि म्हणाला, "करा की मजा, अण्णा." मग तीच भाकरी खाल्ली.

त्याच वर्षी भालकीकडच्या एका गावात तुरीची रास चालू असताना इंजिन जागेवर बसलं. आत काहीतरी तुटून सगळं एकमेकांत अडकलं. ते तुटण्याआधी दोन दिवस तरी आतून ठोके येत असणार. त्यानं पेचकस लावून ऐकलं होतं, मी स्वतः बघितलं होतं. डोळे मिटून बराच वेळ उभा होता. मग पेचकस पुसत म्हणाला होता, "ठीक हाय वाटतंय." वाटतंय हा शब्द त्यानं त्यापूर्वी कधी वापरला नव्हता.

शेतमालक आणि गावची माणसं गोळा झाली. सगळ्यांसमोर मी त्याला बोललो. "कान फुटलेत का तुझे?" म्हणालो. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, म्हणजे शब्द न शब्द त्यानं घेतला. मी म्हणालो, "उद्यापासून येऊ नकोस. बहिरा माणूस इंजिनावर चालत न्हाई."

त्यानं पेचकस टॉवेलात गुंडाळला. तो त्याचा स्वतःचा होता, उदगीरहून आणलेला.

दोन दिवसांनी त्याची बायको आमच्या अंगणात आली. मी ओसरीवर होतो. ती पायरीपाशीच उभी राहिली, आणि बोलताना तिचा आवाज खूप मोठा होता. घरात तसंच बोलायची सवय लागली असणार.

"अण्णा, कामावरून काढलासा, काढा. पर कान कशानं गेले त्ये तुमाला ठाव हाय."

"मला काय ठाव? मी कापूस दिला व्हता."

"कापूस!" ती म्हणाली. मग तिची नजर खुंटीकडे गेली. "ती जोडी कोन घालतंय?"

"शिकारीला लागते."

"दोन-तीन वर्सं तितं लटकायलीय. रोज सकाळी ती बगून येऊन सांगायचे मला. मी म्हनायची, मागा की. म्हनायचे, अण्णाच्या मनात असंल तर अण्णा देईल. कामून दिलं न्हाई, अण्णा?"

मी म्हणालो, "मागितलं कुठं त्यानं?"

"मागितलं व्हतं. पैल्याच हंगामात मागितलं व्हतं. तुमी मिळत न्हाईत म्हनलासा. मग मी करवंट्यांचं शिवून दिलं. तीन दिवस बसून शिवलं. त्याला बी तुमी हसलासा."

आतून आई म्हणाली, "काय वरडायलीय ती? जा म्हन तिला."

मी उठलो, खुंटीवरची जोडी काढली आणि तिच्या पायाजवळ अंगणात टाकली. "घे. घेऊन जा. एवढंच पायजे ना?"

तिनं खाली बघितलं. मला वाटलं रडेल. ती रडली नाही.

"बहिऱ्याच्या कानावर काय झाकू?" ती म्हणाली आणि निघून गेली.

आईनं ती जोडी हातात न धरता काठीनं उचलून गोठ्याच्या छपरावर टाकली. बाईनं हात लावलेला नव्हता, नुसतं जवळ पडलं होतं, तरी.

त्यानंतर ती दोघं गाव सोडून बीदरला गेली. मी दुसरा माणूस ठेवला. वर्षभरात तो इंजिनाला कंटाळून गेला, मग तिसरा. पुढे प्रत्येक गावात यंत्रं झाली आणि मी आमचं विकून टाकलं. शिकारही सुटली, तितरं राहिली नव्हती.

आठ-नऊ वर्षांनी, काही कामानं बीदरला गेलो असताना, बसस्थानकाच्या बाहेर तो दिसला. भिंतीलगत गोणपाट अंथरून स्टोव्ह दुरुस्त करत बसला होता. पुढे पाच-सहा पितळी स्टोव्ह. त्याची बायको शेजारी बसून नळ्या घासत होती. केस पांढरे झाले होते त्याचे. माझे झाले नव्हते.

मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यानं वर बघितलं आणि त्याचं तोंड खुललं. हे मला अपेक्षित नव्हतं. "अण्णा!" तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की जाणारी माणसं वळली. "कसं हायसा? माय बरी हाय का?"

आई वारली होती. मी हातानं तसं सांगितलं. तो चुकचुकला. मग म्हणाला, "इंजिन?"

मी विकल्याची खूण केली.

"बरं झालं. त्याचं बेरिंग पैल्यापासून कच्चं व्हतं," तो म्हणाला आणि पुन्हा स्टोव्हकडे वळला. पंप मारला, ज्योत धरली, आणि डोकं एका बाजूला झुकवून तिच्याकडे बघत राहिला. निळी, स्थिर होईपर्यंत. आता तो स्टोव्ह डोळ्यांनी ऐकत होता.

बसगाड्यांचे हॉर्न, वाहकांच्या आरोळ्या, सगळा कल्लोळ चालला होता. त्याची नजर ज्योतीवर होती. मी ती वेळ निवडली. हलक्या आवाजात म्हणालो, "कापसानं काही होत नाही हे मला ठाऊक होतं. डॉक्टरनं सांगितलं होतं मला. तुला द्यायच्या आधीच सांगितलं होतं."

तो ऐकणार नाही अशा वेळी, अशा आवाजात मी ते बोललो. अनेक वर्षं ते पोटात होतं, आणि बाहेर काढताना मी तेवढी काळजी घेतली.

माझे ओठ हलल्याचं त्याला ओझरतं दिसलं असावं. त्यानं बायकोला विचारलं, "काय म्हनायलेत अण्णा?"

मला तिचं भान राहिलं नव्हतं. तिचे हात थांबले होते. तिनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, डोळे न हलवता. तिनं ते त्याला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं मला शिवी दिली असती, स्टोव्ह फेकून मारला असता, निदान काहीतरी झालं असतं.

ती त्याच्या कानाशी वाकली आणि ओरडून म्हणाली, "काय न्हाई! बस लागलीय म्हनायलेत!"

"मग जावा की अण्णा," तो हसून म्हणाला. "जागा मिळनार न्हाई."

ती पुन्हा नळी घासायला लागली. मी मागे वळलो. फलाटावर चिटगुप्प्याची बस उभी होती. मला जायचं होतं कमलनगरला, अगदी उलट्या दिशेला. पण तो बघत होता, म्हणून मी त्या बसमध्ये चढलो आणि खिडकीशी बसलो. गाव संपल्यावर पहिल्या थांब्याला उतरलो आणि उन्हातून परत स्थानकाकडे चालत आलो. त्याच्या भिंतीसमोरून जायला नको म्हणून मागच्या दारानं आत शिरलो.

माझे कान अजून चांगले आहेत. या वयात शेजारच्या घरात भांडं ठेवलं तरी मला ऐकू येतं. आताचे डॉक्टर म्हणतात, तुम्ही वेळेवर काळजी घेतलीत.